शेरा

जकात बंद झाली त्या रात्री
बाळकुम नाक्यावरून मी तीन कोरी पावतीपुस्तकं घरी आणली.
चोरी म्हणा.
एक किराणा लिहून संपलं,
दुसऱ्यात नातवाने हत्ती काढले,
तिसरं आज उघडलंय,
जेवणाच्या टेबलावर, ताटं उचलल्यावर.

गाडी: भाच्याची व्हॅगन-आर, उसनी, रविवारपुरती.
माल: माणसं दोन, पाण्याच्या बाटल्या चार,
मंदाकिनीचा गुडघ्याचा पट्टा.
कुठून: ठाणे.
कुठे: नाणेघाट.

सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांचं 'कुठे' लिहिलं.
कार्बन इतका झिजलेला
की तिसऱ्या प्रतीवर नाशिकचा नुसता ना उमटायचा.
ड्रायव्हर खिडकीतून हात काढून नोट द्यायचे,
आणि त्या हाताच्या गारव्यावरून मी ओळखायचो
कसाऱ्याला थंडी पडली की नाही.
एवढाच माझा प्रवास.

मंदाकिनी फोनवरचा नकाशा मोठा करते,
भाकरी थापावी तसा, बोटांनी कडेकडेला सरकवत.
कल्याण, शहाड, मुरबाड, सरळगाव, टोकावडे,
ती मोठ्याने वाचत जाते.
मला गावांच्या आधी नाकी दिसतात.

"माळशेजने वर जाऊ. घाटघरवरून गाडी पार टोकाला जाते.
चार पावलं चाललं की आला तुमचा रांजण."
मी म्हणतो, छे. वैशाखऱ्याला गाडी लावायची
आणि खालून चढायचं.
जकात भरणारा खालूनच यायचा,
कल्याणच्या बंदरातला माल बैलांवर लादून,
आणि वरच्या दगडी रांजणात नाणं टाकल्याशिवाय
त्याचं पाऊल पुढे पडत नसे,
असं म्हणतात.
"आणि जुन्नरहून उतरणारा काय फुकट जायचा?"

सव्वीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.

बराच वेळ दोघंही गप्प.
खाली कोलशेत रोडवर एक कंटेनर गिअर बदलतो.
भरलेला, मी म्हणतो, आवाजावरून.
रिकामा, ती म्हणते, न ऐकताच.

तिची अट: टिटवाळ्याला वळायचं नाही,
रविवारी रांग असते, बाप्पा काही पळून जात नाही.
म्हशाला मात्र वळायचं,
जत्रा नसली तरी घोंगडी मिळते का ते बघू.
माझी अट: उजाडायच्या आत शहाडचा पूल.
"म्हणजे चारला उठायचं," ती म्हणते,
"म्हणजे मी साडेतीनला."

एक गोष्ट मी पावतीवर लिहीत नाही.
शेवटच्या रात्री गल्ला अकरा रुपयांनी जास्त निघाला.
तीनदा मोजला.
हेडक्लार्क गजरे म्हणाले, कुणाच्या नावावर जमा करू?
नाकाच राहिला नाही.
पाचाची दोन नाणी आणि एक रुपया,
कपाटात, कॅमेऱ्याच्या रोलच्या काळ्या डबीत.
मी कधी बोललो नव्हतो तिच्याजवळ.
ती उठते, कपाट उघडल्याचा आवाज येतो,
आणि डबी टेबलावर, मिठाच्या बरणीशेजारी.
"ही कुठल्या रकान्यात?"

मी म्हणतो, रांजणात आता पावसाचं पाणी असेल,
वेफर्सची पाकिटं असतील.
"मग आधी ती काढू," ती म्हणते,
आणि माल या रकान्यात, माझ्या अक्षराखाली,
एक पिशवी वाढवते.

उरला शेवटचा रकाना, शेरा.
तिथे मी जन्मभर 'योग्य' लिहीत आलो,
ताडपत्री उचलून पाहिलेली नसली तरी.
खालून की वरून, अजून ठरलेलं नाही.
पेन घुटमळतं.
ती ते माझ्या हातातून घेते
आणि लिहिते: गुडघे बघून.

मग मी सवयीने पावती फाडतो,
पांढरी तिला, पिवळी मला.
गुलाबी पुस्तकातच राहते,
ऑफिससाठी.